डोलकाठी आणि दोर : एका लहानशा गलबताच्या निमित्ताने

परदेशी असणाऱ्या आपल्या एका सभासद कुटुंबाने मागे मंडळास एक पेटी भेट म्हणून पाठविली. तीत जुन्या काळच्या एका युद्धनौकेच्या नमुन्याचा जुळणी-संच होता. तीन डोलकाठ्यांची, फ्रिगेट जातीची ती नौका. लाकडाच्या बारीक पट्ट्या, मोहरीएवढ्या कप्प्या, मण्यांसारख्या दिसणाऱ्या तीन भोकांच्या चकत्या, जाड-बारीक दोऱ्याची रिळे आणि एक जाडजूड मार्गदर्शिका, असा तो सारा सरंजाम होता. मंडळाच्या काही विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवशी एकत्र बसून हे गलबत उभे करावे आणि वार्षिक संमेलनात ते सर्वांस पाहावयास ठेवावे, असे ठरले. त्यांजवर देखरेखीचे काम आमच्याकडे आले.

सांगाडा आणि त्यावरील फळ्या यांस फारसा त्रास पडला नाही. खरी परीक्षा पुढे झाली, ती दोरांच्या कामात. हे काम चालू असता आमच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती वाचकांपुढे मांडावी एवढाच या लेखाचा हेतू. आपल्या गाबीत ज्ञातीचा इतिहास लिहिताना आपण किल्ले, सुभेदार, लढाया आणि सनदा यांविषयी पुष्कळ लिहितो. परंतु ज्या विद्येवर आपल्या पूर्वजांची भाकरी अवलंबून होती, ती दोर, डोलकाठी आणि शीड यांची विद्या. तिच्याविषयी आपल्या कागदपत्रांत ओळही नसते. ती हातांत होती; हात गेले, तशी ती जात चालली आहे.

दोरांचे दोन वर्ग

शिडाच्या जहाजावर दोरांचे जाळे दिसते, तेव्हा पाहणाऱ्यास तो सारा गुंताच वाटतो. वस्तुतः त्यांत दोनच वर्ग असतात. पहिला वर्ग स्थिर दोरांचा. यांचे काम डोलकाठी उभी धरणे. मांडवाच्या खांबास जसे तणावे, तसे हे डोलकाठीचे तणावे. काही दोन्ही कुशींस उतरतात, काही पुढे नाळेकडे आणि काही मागे जातात. दुसरा वर्ग चालत्या दोरांचा. शीड चढविणे, उतरविणे, आवळणे, वाऱ्याकडे फिरविणे ही कामे यांची. स्थिर दोर पाण्यापावसाने कुजू नयेत म्हणून त्यांस डांबर चोपडीत, म्हणून ते काळे दिसत. चालते दोर कप्पीतून सरकावयाचे असल्याने ते बहुधा मूळच्या पिवळसर रंगाचे राहत. संचामध्ये काळा आणि पिवळट असा दोन रंगांचा दोरा कशासाठी दिला होता, हे मुलांस यावरून कळले.

कुशीचे तणावे थेट कठड्यास बांधीत नसत. प्रत्येक तणाव्याच्या शेवटी तीन भोकांची लाकडी चकती, तिच्या खाली कठड्याबाहेर पक्की बसविलेली दुसरी चकती, आणि दोहोंच्या भोकांतून ओवलेला बारीक दोर, अशी ती योजना असे. हा बारीक दोर खेचला की तणावा ताठ होई, सोडला की सैल होई. या तणाव्यांवर आडवे दोर बांधून खलाशांस वर चढण्याची शिडी करीत. दोन पायऱ्यांमधील अंतर सुमारे पंधरा इंच. आमचा नमुना मूळ नौकेच्या एक-चौसष्टांश. म्हणजे तेथे हे अंतर जेमतेम सहा मिलिमीटर भरते. अशा शेकडो गाठी मारावयाच्या! पण गाठ कोणती? मार्गदर्शिकेतील आकृती पाहून मुले गोंधळली. आम्ही ती निरखून पाहिली, तो ती आपल्या घरचीच निघाली. होडी खुंटास बांधताना दोर दोनदा वळवून त्याच्याच खाली अडकवितात, तीच ती गाठ. परदेशातून आलेली ती गाठ बंदरावरचे कोणतेही पोर डोळे मिटून मारील.

झालेली चूक आणि मिळालेला गुरू

एवढ्या ओळखीने आम्हांस थोडा गर्व झाला असावा, कारण पुढील चूक आमच्याच सांगण्यावरून झाली. पुढचा तणावा दिसावयास ठसठशीत, म्हणून तो आधी बांधून ताठ करावा असे आम्ही मुलांस सांगितले. त्यानंतर उजव्या कुशीचे सर्व तणावे ओढून घेतले. डोलकाठी पुढे झुकली आणि उजवीकडेही कलली. डाव्या बाजूचे तणावे कितीही ओढले तरी ती सरळ होईना; उलट तिच्या माथ्याशी तडा जाण्याची भीती दिसू लागली.

त्या दिवशी ज्ञातीतील एक नव्वदीच्या घरातील तांडेल आजोबा कार्यालयात सहज आले होते. तरुणपणी त्यांनी मालाच्या शिडाच्या गलबतांवर किनाऱ्याने अनेक खेपा केलेल्या. चष्मा पुसून त्यांनी नमुना पाहिला आणि म्हणाले, "दोनय बाजूचे दोर आदी घेवा, मगे फुडचो वढा. नायतर डोलकाठी वाकडी जातली." मार्गदर्शिका पुन्हा उघडून पाहिली तो तीतही हेच लिहिलेले. कुशीच्या तणाव्यांचे फास डोलकाठीच्या माथ्यावर आधी बसवावयाचे, तेही उजवी जोडी, मग डावी जोडी, पुन्हा उजवी, अशा क्रमाने. पुढचा तणावा त्यांच्या वरून, शेवटी. मुलांनी दोन आठवड्यांचे काम मुकाट्याने उसवले.

आजोबांस मात्र नमुन्यात एक गोष्ट पटेना. "वाऱ्याकडचो दोर खंयचो?" असे त्यांनी विचारले. या प्रश्नाचा अर्थ आम्हांस प्रथम लागला नाही. तो लागला तेव्हा दोन नौकाविद्यांमधील भेदच आमच्या समोर आला.

आपले शीड आणि त्यांचे शीड

फ्रिगेटची मुख्य शिडे चौकोनी. ती डोलकाठीवर आडव्या बसविलेल्या काठ्यांस बांधलेली असतात आणि डोलकाठी दोन्ही कुशींस कायमची तणावलेली असते. आपल्या किनाऱ्यावरील पत्तेमारी, मचवे, गलबते यांची तऱ्हा निराळी. त्यांचे शीड तिरके, एका लांबलचक काठीस बांधलेले. ही काठी म्हणजे परबाण. तिचे एक टोक नाळेकडे खाली आणि दुसरे मागे उंच आभाळात. परबाणाचे आणि शिडाचे वजन मोठे, ते डोलकाठीपासून मोकळे राहावे म्हणून आपली डोलकाठी पुढे कललेली असते. मुंबईत येणाऱ्या परकीयांस ही पुढे कललेली डोलकाठी चमत्कारिक वाटे. तिच्यामागील कारण हे असे आहे.

नौकेचे तोंड फिरविताना शीड दुसऱ्या कुशीस न्यावे लागते. म्हणजे परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यावयाचे. तेथे दोन्ही कुशींस कायमचे तणावे असतील तर परबाण फिरेल कसे? म्हणून या पद्धतीत कप्पीचे तणावे सोडून वाऱ्याच्या बाजूस नेऊन पुन्हा बांधतात. ज्या बाजूने वारा, त्या बाजूस आधार. आजोबांचा प्रश्न याच दोराविषयीचा होता. फ्रिगेटवर तो सापडणे शक्य नव्हते.

दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती, हा वाद व्यर्थ आहे. चौकोनी शिडे पाठीवरच्या वाऱ्यात, महासागरावरील दूरच्या प्रवासात उपयोगी. काम निरनिराळ्या लहान शिडांत वाटलेले, पण त्यास माणसे पुष्कळ लागतात. तिरके शीड वाऱ्याच्या अधिक जवळून जाते. आपला किनारा दक्षिणोत्तर. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. दोन्ही बहुधा कुशीवर लागतात. अशा वाऱ्यावर बंदरोबंदर हिंडावयास तिरके शीडच हवे. आपल्या पूर्वजांनी ते अज्ञानामुळे धरून ठेवले नव्हते, आपल्या समुद्राची पारख होती म्हणून ठेवले होते.

दोरांवरील लढाई

आपल्या देशात डोलकाठी आणि दोर यांचा इतिहास फार मागे जातो. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्या, उंच शिडे आणि मागे वल्ह्यासारखी सुकाणे असलेली नौका चितारलेली आहे. पण आपल्या ज्ञातीच्या कथा ज्या काळाशी जोडलेल्या आहेत, तो काळ शिवछत्रपतींच्या आरमाराचा आणि आंग्र्यांचा.

१६७९ साली खांदेरीवर महाराजांनी तट उभारावयास घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांचे 'रिव्हेंज' हे जहाज तोफांत वरचढ होते. परंतु मोठ्या जहाजास वारा लागतो. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर, रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून रसद घेऊन बेटावर जातच राहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात झालेल्या झटापटीत इंग्रजांचे 'डोव्हर' हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. आणि अखेर खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात करून ठेवले आहे. त्यावरून गुराबास बहुधा दोन डोलकाठ्या, काहींस तीन. तीन डोलकाठ्यांची गुराबे सुमारे तीनशे टनांची, दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत. पाण्यात फार खोल न जाणारी, मध्ये रुंद, पुढे लांब चोचीसारखी निघालेली नाळ. आणि त्या नाळेच्या बाजूस समोर रोखलेल्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांवर जाणारे. मुख्य डोलकाठीवर एक मोठे तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतांनी गुराबास ओढून न्यावयाचे. शत्रूचे जहाज गाठले की त्याच्या पिछाडीस राहून मारा करावयाचा, आणि तो प्रामुख्याने डोलकाठ्या व दोर यांवर. दोर तुटले की डोलकाठी कोसळे. डोलकाठी गेली की कितीही तोफांचे जहाज एका जागी खिळून राही. मगच माणसांनी भरलेली गलबते जवळ जाऊन चढाई करीत.

मुलांनी हा मजकूर ऐकला तेव्हा ते आपल्या हातातील काळ्या दोऱ्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागले. पुढचा तणावा तुटल्यास काय होते, हे त्यांनी नुकतेच अनुभवले होते. ज्यांनी आयुष्यभर दोर बांधले, त्यांसच शत्रूचा कोणता दोर तोडावयाचा हे कळणार. आंग्र्यांची ही युद्धनीती खलाशांच्या ज्ञानावर उभी होती, असे आम्हांस वाटते.

या आरमाराचा शेवटही दोरांनीच बांधला जावा, हा दैवदुर्विलास. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. नानासाहेब पेशवे आणि इंग्रज यांचा त्या वेळी तुळाजी आंग्र्याविरुद्ध करार झालेला होता. बंदरात तुळाजीची जहाजे एकमेकांस बांधून ठेवलेली होती. एक गोळा 'रिस्टोरेशन' या, पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या, जहाजावर पडला. त्याने पेट घेतला आणि ती आग बांधलेल्या गुराबांवर पसरत गेली. पिढ्यांनी उभे केलेले आरमार एका दिवसात जळाले. आजही विजयदुर्गाच्या तटावरून खाडीकडे पाहताना ही आठवण मनास लागल्यावाचून राहत नाही.

मुंबईची गोदी

यानंतरचा अध्याय आपण सहसा वाचीत नाही, कारण त्यात आपले राज्य नाही. परंतु आपली माणसे त्यातही होती. सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची जहाजे बांधली. १८१३ साली बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. १८२४ च्या 'एशिया'ने १८२७ साली नवारिनोच्या लढाईत नेतृत्व केले. केवळ शिडांच्या जहाजांनी लढलेली ती शेवटची मोठी लढाई.

आमच्या नमुन्याच्या जातीचे एक फ्रिगेट मुंबईसच बांधलेले आहे, ते 'त्रिंकोमाली'. त्याचे नकाशे घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकनांनी जिंकून नष्ट केले, आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली काम होऊन १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ही नौका पाण्यात गेली. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे दीडशे फूट. पुढे तिचे नाव बदलले, ती शिकाऊ नाविकांची शाळा झाली, मोडकळीस आली. आणि १९९० नंतर दहा-अकरा वर्षे खपून इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तिची पुनर्बांधणी करण्यात आली. मुंबईच्या सुतारांनी जोडलेले सागवान दोनशे वर्षांनंतरही तेथे तरंगत आहे.

जहाजास लाकडाइतकाच दोर लागतो. दोर वळावयास लांब, सरळ जागा हवी. मुंबईच्या काळाघोडा भागात 'रोप वॉक लेन' या नावाची गल्ली आहे. तेथून जाणाऱ्या हजारोंपैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल की या नावात दोर वळणाऱ्यांची पावले आहेत.

ते दोर ज्यांनी पुढे समुद्रावर हाताळले, त्या देशी खलाशांची एक स्वतंत्र बोली होती. थॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यास तिचा कोश छापला. तीत पोर्तुगीज, अरबी, फारसी आणि आपल्या किनाऱ्याचे शब्द एकत्र नांदतात. पुढचे शीड म्हणजे 'तिरकट', वरचे शीड म्हणजे 'गावी'. हे दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. शिडाची आडवी काठी 'परवान', जी आमच्या तांडेल आजोबांच्या तोंडी 'परबाण' आहे. एका इंग्रजाने कलकत्त्यास बसून जो शब्द टिपून ठेवला, तो आपल्या ज्ञातीच्या कार्यालयात जिवंत ऐकू यावा, याचे आम्हांस नवल वाटले. आणि तो आपल्यापैकी कोणी लिहून ठेवला नाही, याची लाजही वाटली.

श्रेय कोणाचे

येथे एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. स्मरणिकांतून आपण लिहितो की मराठ्यांचे आरमार आपल्याच ज्ञातीने उभारले. शेजारची ज्ञातीही आपल्या स्मरणिकेत हेच लिहिते. खरे पाहता त्या जहाजांवर गाबीत होते, भंडारी होते, कोळी होते, खारवी होते, मुसलमान दर्यावर्दी होते. महाराजांच्या आरमाराचे अधिकारी मायनाक भंडारी आणि दौलतखान हे होते. मुंबईच्या गोदीत पारशी वस्ताद होते. एका कुशीचे तणावे ओढून डोलकाठी उभी राहत नाही, हे आम्ही स्वतःच्या चुकीने शिकलो आहोत. पूर्वजांचा अभिमान अवश्य बाळगावा, पण तो त्यांच्या कामाची माहिती असण्यातून यावा.

ही माहिती हरवली तर ती परत मिळविणे किती कठीण, याचे उदाहरण ताजे आहे. अजिंठ्याच्या त्याच चित्रावरून भारतीय नौदलाने दोरीने शिवलेल्या फळ्यांची एक नौका गोव्यात बांधवून घेतली. मे २०२५ मध्ये कारवार येथे ती 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाली. अशा नौकेचा एकही नकाशा उरलेला नव्हता. चित्र पाहावयाचे, अनुमान करावयाचे, मद्रासच्या आय. आय. टी. च्या साहाय्याने नमुन्यावर प्रयोग करावयाचे, आणि मग शिडे व दोर ठरवावयाचे, असा तो मार्ग होता. जे एके काळी साध्या खलाशास ठाऊक होते, ते शोधण्यास विद्वानांस एवढे श्रम पडले. नमुना हे केवळ खेळणे नव्हे, हेही यावरून दिसते.

शेवटची गाठ

आमचा नमुना श्रावणात पुरा झाला. मार्गशीर्षात पाहिले तो तणावे सैल पडलेले. मुले खट्टू झाली. आजोबांस निरोप पाठविला, तर त्यांनी घरूनच उत्तर दिले, "दोराक पाणी लागला काय तो आकसता, सुकलो काय ढिलो जाता. पावसात बांधलात, आता ढिलो जातलोच. परत वढून घेवा." सुती दोऱ्याने पावसाळी हवेतील ओल शोषली होती, ती थंडीत उडाली. त्या तीन भोकांच्या चकत्या कशासाठी, हे पुस्तकातून कळले होते. आता ते हातांस कळले. मुलांनी एकेक तणावा पुन्हा ताठ केला.

संमेलनास आजोबा यावयाचे होते. मागील डोलकाठीवरील निशाणाचा दोर त्यांच्या हातून बांधवून घ्यावा म्हणून मुलांनी तो तसाच ठेवला होता. माघात ते गेले. त्यांच्याकडून आम्ही शब्द टिपून घेतले ते अवघे सतरा. वहीत पुढची पाने कोरी आहेत.

तेव्हा सर्व सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती. आपल्या घरी कोणी वडीलधारे शिडाच्या गलबतावर गेलेले असतील, तर त्यांच्याजवळ बसावे. दोरांची, शिडांची, वाऱ्यांची, गाठींची नावे विचारावी. ती जशी उच्चारली जातील तशीच लिहावी आणि मंडळाकडे पाठवावी. माळ्यावर एखादी जुनी कप्पी वा सुकाणूचा तुकडा पडला असेल तर तो जळणात घालू नये. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत हा शब्दसंग्रह छापावा, असा आमचा मानस आहे.

नमुना कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवला आहे. निशाणाचा दोर अद्याप सुटा आहे. ज्या घरातून पहिली वही येईल, त्या घरातील लहान मुलाने येऊन तो बांधावा. गाठ कशी मारावयाची, ते घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून यावे.